वडिलांना काळा घोडा येथील आधुनिक कला संग्रहालय दाखवायचे आहे

विचारणा (सदाशिव पेठ)
माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. ३५ वर्षे त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली आणि कितीतरी मुलांना एलिमेंटरी व इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवले. मुंबईतील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय त्यांना दाखवावे, असे फार दिवसांपासून मनात आहे. मात्र गेल्या वर्षी पुण्यातल्याच एका दालनात अमूर्त चित्रांसमोर बराच वेळ उभे राहून ते हळूच म्हणाले, "यातले मला काहीच कळत नाही, मग मी इतकी वर्षे मुलांना शिकवले तरी काय?" ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. त्यांचे गुडघे दुखतात. एका दिवसात जाऊन येणे झेपेल का, आणि त्यांना काय सांगून न्यावे?

उत्तर (कोथरूड)
पुण्याहून सकाळी ७.१५ ला सुटणारी डेक्कन क्वीन धरावी आणि परतीलाही तीच, संध्याकाळी ५.१० ची. स्थानकावरून काळा घोडा जवळ आहे, तरीही टॅक्सीच करावी. सोमवारी संग्रहालय बंद असते, आणि प्रदर्शन बदलत असतानाही दालने बंद राहतात, म्हणून निघण्यापूर्वी दूरध्वनी करून खात्री करून घ्यावी. मूळचे हे सर कावसजी जहांगीर सभागृह. ते १९११ मध्ये पूर्ण झाले आणि १९९६ मध्ये तेथे संग्रहालय सुरू झाले. दालने एकावर एक असून वळणदार जिन्यांनी जोडलेली आहेत, त्यामुळे घुमटाखालच्या दालनापर्यंत पोहोचेपर्यंत गुडघ्यांची परीक्षाच होते. वर जाण्याच्या सोयीविषयीही दूरध्वनी करतानाच विचारावे.

उत्तर (एरंडवणे)
मी स्वतः चित्रे काढते, म्हणून कळकळीने लिहीत आहे. आपल्या वडिलांना कळत नाही, असे मुळीच नाही. ज्यांनी आयुष्यभर मुलांना छटा घोटायला शिकवले, त्यांची नजर तयारच आहे, फक्त "हे कशाचे चित्र आहे?" या प्रश्नाऐवजी "हे कसे केले असेल?" असे त्यांना विचारून पाहा. नागपुरात १९२४ साली जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे एखादे चित्र कुठे पाहायला मिळाले, तर घाई करू नका. ते रोलरने आणि पॅलेट नाइफने (रंग लावायच्या बोथट सुरीने) रंग लावत, पसरवत, खरवडत. अशा चित्राच्या कडेला वाकून पाहिले की वरच्या थराखालून आधीचा रंग डोकावताना दिसतो, आणि तिथे आपल्या वडिलांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त दिसेल. जवळच जहांगीर कलादालन आहे. तेथे पुष्कळदा चित्रकार स्वतः बसलेले असतात. वडिलांना त्यांच्याशी मनसोक्त बोलू द्यावे.

उत्तर (औंध)
आईला नेले तेव्हा सगळी दालने पाहण्याच्या नादात आम्ही थकलो आणि तिला शेवटची दालने आठवतसुद्धा नाहीत. दोनच दालने पाहावीत. मुंबईला जाण्याआधी पुण्यातच घोले रस्त्यावरील राजा रविवर्मा कलादालनात एखादी संध्याकाळ घालवली, तर त्यांचा संकोचही कमी होईल.

विचारणाऱ्याकडून
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हे सारे वडिलांना वाचून दाखवले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी विचारले, "रोलर फिरवल्यावर कडेला रंग साचत असेल, तो ते पुसून घेत असतील की तसाच ठेवत असतील?" पुढच्या मंगळवारची तिकिटे काढली आहेत.