वनजमिनीवर काम करणारा जिओटेक्निकल इंजिनिअर: मुंबईत राहून ही वाट धरता येईल का?

मुलुंडकर: मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून पुढे एम.टेक.चा विचार आहे. अमेरिकेच्या वनसेवेत जंगलातले रस्ते, मोऱ्या आणि दरडी पाहण्यासाठी जिओटेक्निकल, म्हणजे माती-खडकाच्या मजबुतीचा अभ्यास करणारे, इंजिनिअर नेमतात, असे वाचल्यापासून तसेच काम सह्याद्रीत करावेसे वाटते. आपल्या वनविभागात असे पद असते का, आणि नसल्यास कोणत्या मार्गाने जावे?

खडक_आणि_मुरूम: या नावाचे पद वनविभागात शोधत बसू नका. अभियांत्रिकीच्या पदवीवर भारतीय वनसेवेची परीक्षा देता येते, पण निवड झाल्यावर तुम्ही वनाधिकारी होता आणि जिओटेक्निकल बाजूलाच राहते. जंगलातले हे काम रस्ते, रेल्वे आणि बोगद्यांच्या निमित्तानेच येते. ठाणे-बोरिवली आणि गोरेगाव-मुलुंड हे दोन्ही जोडबोगदे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून आखलेले आहेत. अशा प्रकल्पांसाठी माती-खडकाची तपासणी करणाऱ्या सल्लागार कंपन्यांत अर्ज करा.

सुरुवातीला बोअरहोलपाशी, म्हणजे तपासणीसाठी पाडलेल्या खोल भोकापाशी, उभे राहावे लागेल. तळाशी नळी ठोकायला ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पडत राहतो आणि नळी आत जाताना पहिले १५ सेंटिमीटर सोडून पुढच्या ३० साठी किती ठोके लागले, हे तुम्ही नोंदवता. मुरमात एखादा सुटा धोंडा लागला की ठोके एकदम वाढतात आणि ड्रिलर ‘कातळ लागला’ म्हणून मोकळा होतो. त्या वेळी आणखी खाली जायचा आग्रह जो धरतो, तोच या धंद्यात टिकतो. पगार सुरुवातीला बेताचाच असतो.

निवृत्त_वनाधिकारी: वरील उत्तराला एक जोड देतो. वनजमिनीवर ड्रिलिंगचे यंत्र नेण्याआधी १९८० च्या वन संरक्षण कायद्याची बाजू पाहावी लागते, आणि राष्ट्रीय उद्यान असेल तर १९७२ चा वन्यजीव कायदाही आड येतो. ही कागदपत्रे स्वतः वाचणारे इंजिनिअर मला फार थोडे भेटले. शिवाय, यंत्र नेहमी पोहोचतेच असे नाही: जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा बचाव पथकांनाही डोंगर पायीच चढावा लागला होता. अशा उतारावर नव्या भेगा, कललेली झाडे आणि पावसाचे पाणी कुठे मुरते, हे डोळ्यांनीच वाचावे लागते.

मुलुंडकर: मग एम.टेक. सोडून भूशास्त्रात एम.एस्सी. करणे श्रेयस्कर ठरेल का?

खडक_आणि_मुरूम: दरडींच्या अभ्यासातली मुख्य सरकारी संस्था भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आहे आणि तिच्या भूवैज्ञानिक पदांसाठी भूशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते, त्यामुळे सरकारी नोकरीच हवी असल्यास तो मार्ग सरळ आहे. उताराला आधार देण्याची रचना, म्हणजे संरक्षक भिंत, गॅबियन (दगड भरलेल्या तारेच्या जाळ्या), पाण्याचा निचरा, स्वतः करायची असेल तर मात्र ‘गेट’ ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी जिओटेक्निकलच घ्या, आणि बेसॉल्टच्या थरांमधली लाल माती पाणी लागल्यावर कशी वागते, ते पहिल्या वर्षीच शिकून घ्या.