‘जुगार’, ‘पैज’ की ‘पैशाचा खेळ’? पोकरसाठी नेमका शब्द

प्रश्न : भारतातील ऑनलाइन पोकर या पत्त्यांच्या खेळाविषयीच्या मजकुरात ‘जुगार’, ‘पैज’ आणि ‘सट्टा’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. कायद्याच्या दृष्टीने त्यांत भेद आहे का?

उत्तर : भेद आहे, आणि तो पुसला गेला की वाचणाऱ्याची दिशाभूल होते. बोलण्यात पैसे लावून खेळलेला कोणताही डाव जुगारच ठरतो. महाराष्ट्राला लागू असलेल्या 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातून मात्र ‘केवळ कौशल्याचे’ खेळ वगळलेले आहेत. या ‘केवळ’पाशी थोडे थांबायला हवे. मराठीत ‘केवळ’ म्हटले की त्यात दुसऱ्या कशाचा अंशही नाही असे वाटते, पण सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातील मूळ इंग्रजी ‘mere’ या शब्दाचा अर्थ ‘मुख्यत्वे’ असा लावला आहे. रमीत वाटून कोणते पत्ते येतील हे नशिबावर असले, तरी कोणते पत्ते पडून गेले ते ध्यानात ठेवणे, कोणता हातात राखायचा आणि कोणता टाकायचा हे ठरवणे, यांला कौशल्य लागते. म्हणून ती तीन पत्तीसारखी निव्वळ नशिबाची नाही, असे न्यायालयाने आंध्र प्रदेश विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात म्हटले. पोकरच्या बाबतीत असे एकमत झाले नाही. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 साली त्याला जुगार ठरवले, तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2024 साली कौशल्याचा खेळ मानले.

‘पैज’ हा शब्द ‘प्रतिज्ञा’वरून आला आहे आणि त्यात शब्द पाळण्याचा भाव अजून शिल्लक आहे. तरीही 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो, म्हणजे जिंकलेली रक्कम दावा लावून वसूल करता येत नाही. ‘रद्दबातल’ म्हणजे ‘गुन्हा’ नव्हे, हे अनुवाद करणाऱ्यांनी कटाक्षाने पाळावे.

22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने मात्र कसोटीच बदलली. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, परताव्याच्या आशेने पैसे भरून तो ऑनलाइन खेळला जात असेल तर तो ‘ऑनलाइन पैशाचा खेळ’ ठरतो. तो चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली आहे, खेळणाऱ्याला नाही. म्हणून या कायद्याविषयी लिहिताना पोकरला ‘जुगार’ म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या कायद्याने पोकरला जुगार ठरवलेले नाही; तो जुगार आहे की नाही हा प्रश्नच त्याने बाजूला ठेवला आहे.

प्रश्न : मग ‘सट्टा’ कुठे वापरावा?

उत्तर : भाव चढेल की उतरेल, सामना कोण जिंकेल, अशा आपल्या हातात नसलेल्या घटनेवर पैसे लावले जातात तिथे. पोकर खेळणारा स्वतः डावात बसलेला असतो, त्यामुळे त्याला सटोडिया म्हणणे चूक आहे; त्याच्या डावावर बाहेरून पैसे लावणारा मात्र सटोडियाच.