डाएट संपलं, नीट जेवायला लागले आणि आता केस गळतायत, असं कसं?

प्रश्न:
वजन उतरवायचं म्हणून दोन महिने अगदीच कमी खाल्लं, तेव्हा केसांना काहीच झालं नाही. आता पोटभर जेवायला लागून महिना झाला तर विंचरलं की गुंतवळच हातात येतो आणि प्रत्येक केसाच्या टोकाला पांढरा ठिपका असतो, म्हणजे मुळासकट उपटला गेला का? पेशींना एनर्जी कमी पडली की केस गळतात म्हणे, मग तेव्हाच का नाही गळले? खूप घाबरलेय.

उत्तर १:
अगं तो ठिपका म्हणजे मूळ नाही, वाढ थांबलेल्या केसाचं खालचं टोक असंच गाठीसारखं होतं, रोमकूप, म्हणजे केस जिथून उगवतो ती त्वचेतली पिशवी, आत शाबूत असतो. केस 2 ते 6 वर्षं वाढतो, मग दोनतीन आठवड्यांत रोमकूप आक्रसतो, मग साधारण 3 महिने केस नुसता अडकून राहतो आणि पडतो. तुझ्या उपासमारीत पुष्कळ केसांनी एकदम वाढ सोडली, ते आता पडतायत. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात.

उत्तर २:
एनर्जीचं खरंच आहे. मुळाशी ज्या पेशी केस बनवतात त्या शरीरातल्या सगळ्यात भराभर विभागणाऱ्या पेशींपैकी, त्यामुळे त्यांना ग्लुकोज भरपूर लागतं आणि गंमत म्हणजे ऑक्सिजन असूनही बरंचसं ग्लुकोज त्या पूर्ण न जाळता लॅक्टेटपर्यंतच, म्हणजे अर्धवटच, मोडतात. 2017 साली लॉस एंजेलिसच्या युसीएलए विद्यापीठात उंदरांवर प्रयोग झाला, पायरुव्हेटची (ग्लुकोज मोडताना बनणारा पदार्थ) मायटोकॉन्ड्रियात (पेशीचं वीजघर) शिरायची वाट अडवली तर लॅक्टेट वाढलं आणि झोपलेल्या स्टेम सेल (नवा केस ज्यांच्यापासून बनतो त्या मूळ पेशी) लवकर जाग्या होऊन केस उगवले. पण ते उंदीर होते, एवढ्यावर कुठलं महागडं सीरम घेऊ नकोस प्लीज.

उत्तर ३:
मला मोठ्या तापानंतर अडीच महिन्यांनी हेच झालं होतं, उशीवर केस बघून रडायला यायचं. डॉक्टरांनी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड बघितलं, फेरिटिन कमी निघालं. कपाळाच्या कडेला बोटभर उभे केस दिसले तेव्हा जीवात जीव आला. फक्त भांग रुंद होत असेल तर प्रकार वेगळा असू शकतो, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवच. आणि प्रोटीन कमी करू नकोस, केस म्हणजे केराटिन नावाचं प्रोटीनच.

प्रश्नकर्ती:
कॅलेंडर काढून बघितलं, डाएट सुरू केल्याला बरोब्बर 3 महिने झालेत! भांग आहे तसाच आहे. उद्याच रक्त तपासायला देते.