सल्ला हवा: ४ विरुद्ध ४ नमुने, जीन एक्स्प्रेशनमधला फरक कशाने तपासू?

टिटवी
उंदरांच्या यकृताचा आरएनए-सेक डेटा आहे, म्हणजे कुठला जीन किती चालू आहे याची मोजणी. कंट्रोल ४, औषध दिलेले ४. आरएनए दोन दिवसांत काढलाय: पहिल्या दिवशी ३ कंट्रोल आणि १ औषधवाला, दुसऱ्या दिवशी १ कंट्रोल आणि ३ औषधवाले. सात नमुन्यांत २ ते ३.१ कोटी रीड (वाचलेले आरएनएचे तुकडे) आहेत, पण पहिल्या दिवसाच्या त्या एकट्या औषधवाल्यात जेमतेम ९० लाख. हातात फक्त काउंटचा (दर जीनमागे किती रीड) आणि टीपीएमचा (तेच, जीनची लांबी आणि एकूण रीड यांनुसार एका मापात आणलेलं) तक्ता. फास्टक्यू (कच्च्या रीडच्या) फायली मिळणार नाहीत, नव्या सिक्वेन्सिंगला पैसे नाहीत, लॅपटॉप ८ जीबीचा. लॉग-टीपीएमवर टी-टेस्ट चालेल का? नसेल तर कुठलं पॅकेज?

काउंटवाला
डीईसेक२. विषय संपला. टीपीएम बाजूला ठेवा. ५ रीडवरून आलेला टीपीएम आणि ५,००० रीडवरून आलेला टीपीएम तक्त्यात सारखेच दिसू शकतात, पण भरवसा सारखा नसतो. ती माहिती काउंटमध्ये असते, टीपीएममध्ये पुसली जाते. तेव्हा रॉ, पूर्णांक काउंट द्या. डिझाइन (फरक कशाकशामुळे असू शकतो ते सांगणारं सूत्र) "~ दिवस + गट", गट शेवटी, कारण काही न सांगता निकाल मागितला तर शेवटच्या घटकाचा मिळतो. आणि रेफरन्स लेव्हल, म्हणजे तुलना ज्याच्याशी करायची तो गट, स्वतः ठरवा. गटांची नावं "ट्रीटेड" आणि "अनट्रीटेड" असतील तर रोमन वर्णक्रमाने "ट्रीटेड" आधी येतं, तेच रेफरन्स ठरतं आणि सगळे फोल्ड चेंज (किती पट फरक, लॉगमध्ये) उलट्या चिन्हाने निघतात.

भव्यदिव्य
४ नमुन्यांत काय होणार? यीस्टवर ४८-४८ नमुन्यांची तुलना झाली होती, २०१६ साली. निष्कर्ष: प्रत्येक गटात किमान ६, आणि लहान फरकही पकडायचे तर १२. अजून नमुने घ्या, स्टार या प्रोग्रॅमने रीड पुन्हा जीनोमशी अलाइन करा, ३२ जीबीचं मशीन बघा.

खडूस
@भव्यदिव्य, पैसे नाहीत, फास्टक्यू नाहीत, ८ जीबी. तिन्ही गोष्टी पहिल्याच परिच्छेदात आहेत. काउंटच्या तक्त्यापासून पुढचं काम ८ जीबीत काही मिनिटांत होतं.

सरासरी
ही मॉडेलं गृहीतकांवर उभी असतात. विलकॉक्सन (आकड्यांऐवजी त्यांचा क्रम बघणारी टेस्ट) वापरा, वितरणाची भानगडच नको.

आकडेमोड
@सरासरी, प्रत्येक गटात शेकडो नमुने असते तर मीही विलकॉक्सनकडे वळलो असतो. इथे हिशोब करून बघा. ८ नमुन्यांतून ४ निवडायच्या ७० तऱ्हा, म्हणून दोन्ही बाजूंची सर्वांत लहान पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा मोठा फरक दिसण्याची शक्यता) २/७०, म्हणजे ०.०२९. फिल्टरनंतर १४,००० जीन उरले असं धरा. बेंजामिनी-हॉकबर्ग पद्धतीने ५ टक्के एफडीआर (यादीतल्या खोट्या जीनचं प्रमाण) हवा असेल तर निदान ८,००० जीनमध्ये दोन्ही गट पूर्ण वेगळे पडायला हवेत. तेवढे पडले नाहीत तर यादी कोरी. ३ विरुद्ध ३ असते तर किमान पी ०.१, तिथे सगळेच्या सगळे जीन वेगळे पडूनही काही हाती लागलं नसतं.
साध्या टी-टेस्टचं दुखणं वेगळं: ४-४ आकड्यांवरून काढलेलं व्हेरियन्स (आकड्यांचा विखुरलेपणा) फार डळमळीत. योगायोगाने व्हेरियन्स लहान निघालेले जीन यादीच्या डोक्यावर बसतात. डीईसेक२, एजआर, लिमा ही तिन्ही पॅकेजं सगळ्या जीनकडून माहिती उसनी घेऊन तो अंदाज सावरतात. एफडीआर न लावता पी ०.०५ वर कापलंत, तर काहीच फरक नसतानाही १४,००० पैकी ७०० जीन यादीत येतील.

काउंटवाला
+१. म्हणजे डीईसेक२.

पाईपलाईन
एजआर, त्यातली क्वासी-लाइकलीहूड टेस्ट वापरणारं. नमुने थोडे असताना खोटे पॉझिटिव्ह जास्त काटेकोरपणे आवरतं. कमी काउंटचे जीन आधी "फिल्टरबायएक्सप्र"ने गाळा, मग टीएमएम, म्हणजे नमुने तुलनेजोगे करणारं नॉर्मलायझेशन. आणि दिवसाचा (बॅचचा) परिणाम आधी कॉम्बॅट या पद्धतीने काढून टाका म्हणजे डेटा स्वच्छ.

आकडेमोड
शेवटचं वाक्य सोडून सहमत. आधी बॅच काढून मग टेस्ट केली की बॅचच्या अंदाजात खर्च झालेली डिग्री ऑफ फ्रीडम (डेटातली मोकळी माहिती) टेस्टला कळतच नाही. गट असमान वाटलेले असताना तर पी-व्हॅल्यू हमखास बिघडतात. दिवस डिझाइनमध्येच हवा. काढून टाकलेला डेटा पीसीएच्या (नमुने एकमेकांच्या किती जवळ ते दाखवणाऱ्या) चित्रापुरता ठीक.

खडूस
९० लाखवाला नमुना काढून टाका. घाण डेटा ठेवून काय मिळणार?

आकडेमोड
तो नमुना काढला तर पहिल्या दिवशी औषधवाला एकही उरत नाही. मग औषधाचा परिणाम फक्त दुसऱ्या दिवसाच्या १ विरुद्ध ३ वरून निघेल. आत्ताच्या मांडणीत दिवस धरल्याने स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) सुमारे १५ टक्के वाढते, ते परवडतं. नमुना काढलात तर त्यावर या अंदाजाचं व्हेरियन्स आणखी दुप्पट. ९० लाख रीड कमी आहेत, निरुपयोगी नाहीत. आधी पीसीएत तो कुठे पडतो ते बघा. उंदीर नर-मादी मिश्र असतील तर झिस्ट (मादीत चालू असणारा जीन) आणि डीडीएक्स३वाय (नराच्या वाय क्रोमोसोमवरचा) यांचे काउंट ताडा, नळ्यांची अदलाबदल तिथे लगेच दिसते.

नवशिका
अवांतर: तक्ता एक्सेलमध्ये उघडू नका. सेप्ट आणि मार्च नावांचे जीन तारखा होऊन बसतात. २०२० मध्ये मानवी जीनची ती नावं बदलली, पण जुन्या अ‍ॅनोटेशनमध्ये अजून सापडतात. नावांऐवजी एन्सेम्बल आयडी (जीनचे ठरावीक क्रमांक) ठेवा.

पाईपलाईन
मी सीएसव्ही नेहमी एक्सेलमध्येच उघडतो.

खडूस
दिसतंय.

काउंटवाला
डीईसेक२ मध्ये काही जीनची अ‍ॅडजस्टेड पी (एफडीआरसाठी सुधारलेली) "एनए", म्हणजे आकडाच नाही, दिसेल, घाबरू नका. साधी पी आहे पण अ‍ॅडजस्टेड नाही, याचा अर्थ सरासरी काउंट कमी म्हणून जीन गाळला गेला. दोन्ही नसतील आणि काउंट शून्य नसतील, तर कुक्स डिस्टन्सने (एकटा नमुना निकाल किती ओढतो त्याच्या मापाने) एखादा नमुना आउटलायर ठरवलाय. अल्फा (एफडीआरची मर्यादा) मुळात ०.१ असतो, ५ टक्के एफडीआर हवा असेल तर ०.०५ लिहा. "दुपटीपेक्षा जास्त फरक" हवा असेल तर यादी नंतर कापू नका, थ्रेशोल्ड टेस्टमध्येच द्या. नाहीतर एफडीआरचा आकडा त्या उरलेल्या यादीला लागू राहत नाही.

टिटवी
सर्वांचे आभार. मी लिमा-वूम (लिमाची काउंटसाठीची पद्धत) घेतेय, नमुन्यांना गुणवत्तेनुसार वजन देणारं. तो नमुना काढायचाही नाही आणि बाकीच्यांच्या बरोबरीनेही धरायचा नाही, एवढंच हवं होतं. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान लायब्ररीत (नमुन्याच्या एकूण रीडमध्ये) तिपटीहून जास्त फरक आहे, त्यामुळे लिमा-ट्रेंड (लिमाची साधी पद्धत, रीड जवळपास सारखे असताना चालणारी) नको, वूमच. डिझाइन "~ दिवस + गट".

काउंटवाला
लिमा कोणीच सुचवलं नव्हतं. मग विचारलं कशाला?

आकडेमोड
चालेल की. फक्त त्या नमुन्याला वजन किती मिळालं ते छापून बघा. फारच खाली गेलं तर तो काढून टाकल्यासारखंच होईल आणि दुप्पट व्हेरियन्सचा हिशोब परत येईल. आणि ई-बेझमध्ये (लिमाची व्हेरियन्स सावरणारी पायरी) "रोबस्ट" चालू ठेवा, म्हणजे विचित्र व्हेरियन्सचे जीन बाकीच्यांचा अंदाज बिघडवत नाहीत.