इंदूर–मुंबई औषधांची गाडी: घाटात तापमानाच्या नोंदी गायब

प्रश्न: पीथमपूरहून २ ते ८ अंशांचा माल मुंबईला जातो. सेंधव्यापुढे बिजासन घाटात रेंज गेली की नोंदी तुटतात. लॉगर (तापमान नोंदवून पाठवणारं यंत्र) बदलू का?

उत्तर १: आधी त्यात मेमरी आहे का बघा. रेंज नसताना नोंदी साठवून नंतर पाठवणाराच हवा. ५ मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाला फक्त २८८. आणि सेन्सर कूलिंगच्या तोंडाशी नको, तिथे आकडा कायम गोंडस दिसतो! एक दाराजवळच्या खोक्यात, एक मधोमध ठेवा.

उत्तर २: बर्फाच्या पिशव्या फ्रीझरमधून काढून लगेच औषधांच्या खोक्यात भरल्या तर कडेच्या कुप्या गोठतात. हलवल्यावर आत पाणी डुचमळलं की मगच भरा.

प्रश्नकर्ता: मेमरी नाहीच. सेन्सरही तोंडाशीच निघाला.