मदत हवी आहे: लॅपटॉपमध्ये मॉडेड बायोस टाकू की नको? अंडरव्होल्ट लॉक झालंय

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहून राहिलो, पण अर्धवट सांगितलं की दहा जण दहा प्रश्न विचारतात म्हणून सगळं एकदाच टाकतो. नवीन लोकांसाठी: बायोस म्हणजे लॅपटॉप सुरू करणारं बोर्डवरच्या चिपमधलं सॉफ्टवेअर, मॉडेड म्हणजे कोणीतरी बदललेलं, आणि अंडरव्होल्ट म्हणजे कमी तापावं म्हणून प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करणं.

२०१९ चा गेमिंग लॅपटॉप आहे, आय७-९७५०एच, ६ कोर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यावरूनच भांडणं सुरू होतात. गेम नावालाच, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. नागपूर, मे महिना, बाहेर ४५, कूलर खिडकीत घरघरतोय तरी रेंडर लावला की दोन मिनिटांत ९७ डिग्री आणि मग क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, पडून २.८ गिगाहर्ट्झवर. कीबोर्डच्या वरच्या पट्टीला बोट लावलं तर चटका बसतो, खोटं नाही सांगत.

आधी हा त्रास नव्हता. थ्रॉटलस्टॉप नावाच्या प्रोग्राममध्ये प्रोसेसरच्या कोर आणि कॅश दोघांना मायनस १२० मिलिव्होल्ट दिले होते, मस्त चालायचं. मग मार्चमध्ये विंडोज अपडेटसोबत बायोसचं अपडेट पण गुपचूप आलं, रीस्टार्टला ती पट्टी सरकताना दिसली तेव्हा कुठे मला कळलं, आणि तेव्हापासून त्याच प्रोग्रामच्या एफआयव्हीआरच्या (व्होल्टेज बदलायच्या) खिडकीत लॉक्ड. जुनं व्हर्जन परत टाकायला गेलो तर घेतच नाही.

आता एका ग्रुपवर एक जण १,५०० रुपयात माझ्याच मॉडेलचा 'फुल अनलॉक' बायोस देतोय, ॲडव्हान्स्ड मेनू सगळा उघडा, व्होल्टेज बदलू न देणारं ओव्हरक्लॉकिंग लॉक पण त्यातच दिसतं म्हणे. इंटेलच्या एफपीटी (बायोसची चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या) टूलने माझ्याच बायोसचा बॅकअप निघाला, पण तीच फाइल परत लिहून पाहिली तर राइट प्रोटेक्शन काढता येत नाही म्हणून एरर. म्हणून सीएच३४१ए प्रोग्रामर (चिपवर थेट लिहिणारं यंत्र) आणि चिपला लावायची क्लिप मागवलीय, काळा वाला, गुरुवारी येईल. क्लिप लावून डायरेक्ट चिपवर टाकू का? कोणी केलंय का? मशीन गेलं तर जूनच्या चार डिलिव्हऱ्या गेल्या समजा.

प्रतिसाद १
भाऊ ते सगळं राहू द्या, आधी खालचं झाकण काढून फिनमधलं जाळं साफ करा आणि पेस्ट बदला. पाच वर्षांची पेस्ट म्हणजे खडू झालेली असते.

धागाकर्ता
केलंय दादा, एप्रिलमध्येच. फिनमधून अक्षरशः नमद्यासारखी धूळ निघाली. ९७ चे ९२ झाले, मे लागला आणि परत ९७.

प्रतिसाद २
थांबा, ती फाइल अजिबात टाकू नका. पैसे दिले असतील तर सोडून द्या.

पहिलं म्हणजे तो डंप, म्हणजे चिपची अख्खी नक्कल, दुसऱ्याच्या मशीनचा असणार. १६ एमबीच्या त्या चिपमध्ये नुसता बायोस नसतो, मॅनेजमेंट इंजिनचा (इंटेलच्या चिपसेटमधल्या छोट्या कंट्रोलरचा) भाग असतो, सिरियल नंबर, यूयूआयडी (मशीनचा ओळख क्रमांक), विंडोजची की, काही मशीनमध्ये लॅन पोर्टचा मॅक ॲड्रेस पण तिथेच असतो. पूर्ण चिप लिहिली की तुमचं सगळं पुसलं जातं आणि त्याचं येतं. दुसरं, बऱ्याच लॅपटॉपमध्ये बूट गार्ड (सुरू होताना बायोसची डिजिटल सही तपासणारा पहारेकरी) चालू असतो, त्याची की चिपसेटमध्ये कायमची जाळलेली असते, बदललेला भाग त्याच्या तपासणीत येत असेल तर सही जुळत नाही आणि स्क्रीन काळी. तुम्ही किती स्वच्छ फ्लॅश केलं त्याला काही अर्थ राहत नाही.

तिसरं तो काळा सीएच३४१ए. चिपला वीज ३.३ व्होल्टची देतो पण डेटाच्या लाइनी ५ व्होल्टवर चालवतो. कित्येकांचं काम त्यावर झालंय, पण मी तरी माझ्या बोर्डला लावणार नाही. चिप १.८ व्होल्टची निघाली तर मग बोलायलाच नको, चिपवरचा नंबर वाचल्याशिवाय क्लिप उघडू पण नका.

आता मुद्द्याचं. तुम्हाला मेनू हवाय की लॉक काढायचंय? मेनू लपवला म्हणजे सेटिंग गेलं असं नसतं. बायोस ते सेटिंग चिपमधल्या एनव्हीरॅमच्या (सेटिंग साठवायच्या जागेच्या) एका बाइटमधून वाचतो, मेनू म्हणजे फक्त त्यावरचा पडदा. तो एक बाइट ०१ चा ०० केला की झालं, फ्लॅशिंगची गरजच नाही.

असं करा: तुमच्याकडे आत्ता जे व्हर्जन आहे *तंतोतंत तेच* घ्या, तुमचा एफपीटीचा बॅकअप सगळ्यात बरा. यूईएफआयटूल या बायोसची फाइल उघडणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडून ओव्हरक्लॉकिंग लॉक हा मजकूर शोधा, जो सेटअपचा मॉड्यूल सापडेल त्याची पीई३२ इमेज (त्यातला प्रोग्रामचा भाग) बाहेर काढा, आयएफआर एक्स्ट्रॅक्टरमधून (मेनूची यादी काढणाऱ्या प्रोग्राममधून) टेक्स्ट बनवा. त्यात ऑफसेट (त्या बाइटची जागा) आणि व्हॅरस्टोअरचा (तो ज्या कप्प्यात आहे त्याचा) नंबर मिळेल. इथे बरेच जण आपटतात, कारण तुमच्या पिढीच्या कितीतरी मशीनमध्ये ते सेटिंग 'सेटअप' मध्ये नसून 'सीपीयूसेटअप' नावाच्या वेगळ्या कप्प्यात असतं, आणि हा बाइट लिहिणारी ग्रब बूटलोडरची जुनी सेटअप_व्हार कमांड फक्त 'सेटअप' मध्येच लिहिते. ऑफसेट बरोबर पण कप्पा चुकला की भलतंच काहीतरी बदलतं. कप्प्याचं नाव घेणारी ग्रबची सुधारित आवृत्ती वापरा, पेनड्राइव्हवरून बूट करा. आधी नुसतं वाचा, ०१ दिसलं तरच लिहा.

प्रतिसाद ३
पण हे लॉक लावतातच का? विकत घेतलेल्या मशीनवर आपलाच हक्क नाही म्हणजे कमाल आहे.

प्रतिसाद २
डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट म्हणून प्रकरण बाहेर आलं. सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज अगदी नेमकं खाली ओढून प्रोसेसरला एसजीएक्सच्या (त्याच्यातल्या सुरक्षित कप्प्याच्या) आत चुकीची गणितं करायला लावायची आणि त्या चुकांवरून आतल्या क्रिप्टोच्या की काढायच्या. सहाव्या ते दहाव्या पिढीचे इंटेल कोर त्यात आले. मग अपडेटमधून व्होल्टेजची दारंच बंद झाली. त्यासाठी हल्ला करणाऱ्याकडे आधीच ॲडमिनचा ताबा लागतो, त्यामुळे एडिटिंगच्या मशीनवर मी लॉक काढून ठेवतो. ऑफिसचा लॅपटॉप असता तर हात लावला नसता.

धागाकर्ता (शनिवार)
झालं एकदाचं! पण सरळ नाही झालं.

ग्रब बूट व्हावं म्हणून सिक्युअर बूट (सही नसलेलं काही बूट होऊ न देणारं सेटिंग) बंद केलं, म्हटलं आधी विंडोज चालू होतंय का बघू, तर निळा स्क्रीन आणि बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ आकडी की मागतोय. बिटलॉकर चालू आहे हेच मला माहीत नव्हतं. की निघाली मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये, आणि अकाउंट होतं बायकोच्या जुन्या ईमेलवर, तिचा पासवर्ड आठवेपर्यंत घरात जे वातावरण होतं ते लिहीत नाही. कोणी करत असाल तर आधी बिटलॉकर सस्पेंड करा आणि की कागदावर लिहून ठेवा.

बाकी तुम्ही म्हणाले तसंच निघालं, माझं पण सीपीयूसेटअपमध्येच होतं. वाचलं तर ०१. लिहायच्या आधी चार वेळा ऑफसेट जुळवला, एंटर दाबताना हात थरथरत होता. ऑफसेट इथे टाकत नाही, कोणीतरी आपल्या मशीनवर कॉपी मारेल आणि मला शिव्या देईल.

लॉक गेलं. लोभाने परत मायनस १२० दिले तर वरमालेच्या सीनवर ब्लू स्क्रीन. आता मायनस ९० वर दोन रात्री रेंडर चालला, ८४ डिग्री, क्लॉक ३.६ च्या खाली नाही. पहिले १२० कसे चालायचे काय माहीत, वय झालं असेल बिचाऱ्याचं.

प्रतिसाद २
छान. पुढचं बायोस अपडेट आलं की हे परत ०१ होऊ शकतं आणि ऑफसेट पण सरकतो, तेव्हा जुना आकडा डोळे मिटून टाकू नका. विंडोजचे ड्रायव्हर अपडेट बंद करून ठेवा.

धागाकर्ता
केले बंद. आणि तो सीएच३४१ए पॅकिंगमध्येच पडून आहे, परत घेत नाहीत म्हणे. नागपुरात कोणाला हवा असेल तर क्लिपसकट घेऊन जा, ५ व्होल्टचं सांगून देतोय, नंतर बोंबलू नका.