मदत हवी आहे: वुड सँडपायपर की ग्रीन सँडपायपर?

मंडळी, तळ्याच्या चिखलात सध्या एक एकटाच तुतवार (सँडपायपर) दिसतोय. तो कोणता, हे नक्की होत नाहीये. दक्षिणेकडे निघालेले हे पक्षी ऑगस्टपासूनच उतरायला लागतात आणि आधी आलेली प्रौढं व नंतर आलेली पिल्लं यांची पिसं वेगळी, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

भुवईची पांढरी रेघ डोळ्याच्या बरीच मागे जाते, पाठीवर ठळक ठिपके आहेत, पाय पिवळसर. इथवर सगळं वुड सँडपायपरकडे बोट दाखवतं. पण उडाला तेव्हा पंखांची खालची बाजू काळपट वाटली, आणि ती तर ग्रीनची खूण! सूर्य त्याच्या मागे होता, त्यामुळे ती नुसती सावली असू शकते. कंबर दोघांचीही पांढरी, तिचा उपयोग नाही. शेपटीवरचे पट्टे मोजण्याइतका वेळ तो देत नाही.

उडताना आवाज केला, पण वाऱ्यात नीट ऐकू आला नाही. वुडचा कोरडा, भरभर ‘चिफ्-इफ्-इफ्’ आणि ग्रीनचा गोड, चढा ‘ट्लुइट्-वीट्-वीट्’ एवढं माहीत आहे.

अशा वेळी तुम्ही भुवईवर जास्त विश्वास ठेवता की पंखाखालच्या रंगावर? पाठीवरचे ठिपके पिल्लांमध्ये दोन्हीकडे फसवतात का? फोटो लांबून काढलेले आणि धूसर आहेत, तरी खाली टाकतोय. तोवर ई-बर्डवर (पक्षीनोंदींचं संकेतस्थळ) फक्त ‘ट्रिंगा प्रजाती’ (या दोघांचं सामाईक कुळनाम) एवढीच नोंद करू ना?